पोरांना पिटमध्ये न्यायचंय? आधी फॉर्म बघा

हे लिहिताना राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा एखादा शब्द जास्त लागला तर समजून घ्या.

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला राहून मोटारींच्या शर्यती टाळणं तसं अवघड. नॅस्कार म्हणजे इथल्या मोटारींच्या शर्यती भरवणारी संस्था; तिच्यातल्या बहुतेक संघांची वर्कशॉपं इथून तासाभराच्या आत, मूर्सव्हिल, कॉन्कर्ड, हंटर्सव्हिलकडे. तरी आपली मंडळी तिकडे फिरकत नाहीत. बँकेतली नोकरी, शनिवारी मुलांचे क्लासेस, रविवारी कुणाकडे तरी पॉटलक. ‘तिथे आपलं काय काम?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देत नाही, सरळ गाडीत बसवतो.

मी स्वतः जातो ते एका छोट्या गावातल्या ट्रॅकवर. माझ्या सहकाऱ्याचा भाऊ तिथे स्ट्रीट स्टॉक, म्हणजे रस्त्यावरच्या साध्या मोटारीवरून शर्यतीसाठी बांधलेली गाडी चालवतो. आठवडाभर एसी दुरुस्त करतो आणि शनिवारी रात्री स्वतःच बांधलेली गाडी पळवतो. शॉर्ट ट्रॅक म्हणजे मैलापेक्षा लहान ट्रॅक, आणि गावोगावचे ट्रॅक तर अर्ध्या मैलाच्या आतबाहेरचेच. विन्स्टन-सेलमचं बोमन ग्रे स्टेडियम घ्या. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा सपाट डांबरी पट्टा, आणि तिथे 1949 पासून नॅस्कारच्या साप्ताहिक शर्यती चालू आहेत. तिथलं स्टँड भरलेलं असतं. आमच्या ट्रॅकचं तसं नाही. तीच ती पिकली डोकी, त्याच त्या जागा. प्रमोटर, म्हणजे ट्रॅक चालवणारा माणूस, एकदा मला म्हणाला, “तुमच्या लोकांना आणा की. लहान मुलांना फुकट, मोठ्यांना ग्रुपचा दर, आणि शर्यतीआधी मुलांना पिटमध्ये नेऊन गाड्या दाखवू.”

मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि माणसं जमली. तिकिटं, पार्किंग, सगळं बिनबोभाट झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते पिटच्या खिडकीबद्दल.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: स्टँडचं तिकीट वेगळं आणि पिटचा पास वेगळा. पिट म्हणजे जिथे गाड्या, ट्रेलर, मेकॅनिक असतात ती आवारातली जागा. तिथे पाय टाकणाऱ्या प्रत्येकाने ‘मला काही झालं तर ट्रॅक जबाबदार नाही’ अशा कागदावर सही करायची. विमा कंपनीची अट असते आणि अट रास्तच आहे. आत जॅकवर चढवलेल्या गाड्या, पेट्रोलचे कॅन, मागे येणारे ट्रक. मोठ्यांचं काम झटपट होतं. लांबलचक कागदावर एका ओळीत नाव, सही, मनगटावर कागदी पट्टा, चला आत. अठराच्या आतल्या मुलांचा फॉर्म मात्र वेगळा. आमच्या ट्रॅकवर तेव्हा त्यावर आईवडील दोघांच्या सह्या लागायच्या, त्याही खिडकीतल्या माणसासमोर. हे आम्हाला कुणी सांगितलं? कुणीही नाही. प्रमोटरचा निरोप एवढाच होता, “पाच वाजता पिट गेटला या.”

आलो. खिडकीत एक बाई, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, समोर फॉर्मचा गठ्ठा, दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं. बाई प्रेमळ होती, प्रत्येकाला ‘हनी’ म्हणत होती, पण नियमाला केसभर हलायला तयार नव्हती. आमच्यातल्या एकीचा नवरा ऑन-कॉल म्हणून घरी. “व्हिडिओ कॉल लावते, समोर सही करेल,” ती म्हणाली. चालणार नाही. एकीची जाऊ पार्किंगमध्ये तान्ह्याला पाजत बसलेली, तिला बोलवायला कोण जाणार यावर चर्चा. मग आडनावं. दोघी-तिघींनी माहेरचं नाव ठेवलेलं, त्यामुळे आई खरंच आई आहे का हा प्रश्न. त्यात मधल्या नावाची भानगड. मुलाच्या नावात मधे बापाचं नाव बघून बाईला वाटलं की बापाने स्वतःचं नाव चुकून मुलाच्या रकान्यात लिहिलं. तिने फॉर्म परत दिला. आम्ही समजावलं. तिने पुढच्या मुलाचा फॉर्म बघितला, तिथेही तेच. मग तिने सगळेच फॉर्म परत दिले.

मागे खरे पिटवाले रांगेत. खांद्यावर टायर घेतलेला एक दांडगा माणूस आधी हसत होता, मग हसायचा थांबला. त्याच्याही गाडीचा सराव सुरू व्हायचा होता, त्याला काय बोलणार.

आणि या सगळ्यात सांगलीहून लेकीकडे आलेले आजोबा. लेक-जावई ट्रॅफिकमध्ये अडकलेले, म्हणून नातवाला घेऊन हे आमच्याबरोबर पुढे आले होते. त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, फॉर्मवर ठसठशीत सही ठोकली, खाली तारीख घातली. बाई म्हणाली, “सॉरी हनी, आजोबांची सही चालत नाही.” आजोबा निवृत्त मंडल अधिकारी. माझ्याकडे वळून म्हणाले, “माझ्या सहीवर गावंच्या गावं सातबारा घेऊन गेली, आणि ही बाई मला नातवाला गाडी दाखवू देत नाही?” मी म्हटलं, “काका, अहो नियम आहे.” ते म्हणाले, “नियम मला नको सांगू. नियम सांगून लोकांना परत पाठवायचं कामच मी आयुष्यभर केलंय. तिचं बरोबर आहे. पण बाहेर बोर्ड कुठाय?”

हाच तो मुद्दा. बोर्ड कुठाय? इतक्या वर्षांच्या ट्रॅकला एक कागद दारावर चिकटवता येत नाही?

कुंपणापलीकडे सराव चालू. इंजिनांचा आवाज छातीत बसत होता, पोरं जाळीत बोटं अडकवून उभी. काहींच्या मनगटावर पट्टा आला, काहींच्या नाही. एक चुलतभाऊ आत, एक बाहेर. आतला बाहेरच्याला हात करतोय, बाहेरचा रडतोय. तेवढ्यात स्पीकरवर पुकारा झाला की ड्रायव्हर्सची मीटिंग सुरू होतेय, पाहुण्यांनी पिट सोडावं. म्हणजे ज्यांना पट्टा मिळाला त्यांनाही धड काही बघायला मिळालं नाही. दोन कुटुंबं तिथूनच जेवायला निघून गेली. ती पुन्हा ट्रॅकवर आलेली नाहीत आणि येतील असं वाटत नाही.

बाकीचे राहिले ते सहकाऱ्याच्या भावामुळे. त्याने मीटिंगहून परतताना आमची जत्रा पाहिली, दोन पोरांच्या मदतीने गाडी ढकलत कुंपणाला आणून लावली आणि टेप काढली. मागच्या उजव्या चाकाचा घेर मोजला, मग डाव्याचा. उजवं मोठं. “का?” त्याने जाळीतून विचारलं. पोरं गप्प. मग आजोबांच्या नातवाने सांगितलं, “कारण तुम्ही फक्त डावीकडेच वळता.” बरोबर! घेरात फरक असला की गाडी आपोआप डावीकडे ओढ घेते, वळणावर ते कामी येतं. याला ते ‘स्टॅगर’ म्हणतात. फॉर्म नाही, पट्टा नाही, मधे जाळी, तरी त्या पाच मिनिटांनी जे झालं ते फुकटच्या तिकिटांनी झालं नसतं.

नंतर ट्रॅकने एक गोष्ट चांगली केली, तीही सांगायला हवी. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे शर्यतीआधी वेळ मोजून घेतात त्या फेरीत, पुढे आलेल्या काही गाड्या शर्यतीच्या सुरुवातीला उलट्या क्रमाने लावतात, म्हणजे सगळ्यात वेगवान गाडी मागे. किती गाड्या उलटायच्या त्याची चिठ्ठी काढायला आमच्यातल्या एका मुलीला बोलावलं. तिने सहा काढले. पहिला आलेला ड्रायव्हर सहाव्या जागी गेला, त्याने हेल्मेट छातीशी धरून तिच्याकडे बघत कपाळावर हात मारला. ती आता दर शनिवारी विचारते, “तो जिंकला का?” घरात मॅच बघताना कुणाचीही बाजू न घेणारी मुलगी!

कान सांभाळा, हे आधीच सांगायला हवं होतं. शंभर डेसिबलला कानाला सुरक्षित वेळ फक्त पंधरा मिनिटांची धरतात, आणि इथे त्याच्याही वर आवाज जातो. मोठ्यांनी फोमचे बोळे घ्या, पोरांना कानावर बसणारे मोठे मफ. ट्रॅकवर विकत मिळतात पण दुप्पट पैसे पडतात. आणि जेवण! शाकाहारी असाल तर नाचोज, फ्रेंच फ्राइज आणि साखर भुरभुरलेला फनेल केक, बास. आमच्याकडे कूलर नेऊ देतात, प्रत्येक ट्रॅकचं वेगळं असतं, फोन करून विचारा. थालीपीठ नेलं तर शेजारचे मागतात, हा स्वानुभव.

आता दुसरी तक्रार, छोटी. अपघात झाला, पिवळा झेंडा पडला की सगळं थांबतं. तेल सांडलं तर त्यावर भुसा टाकतात, झाडतात, पुन्हा टाकतात. जुन्या माणसांना याची सवय असते. नवा माणूस फोन काढतो, आणि एकदा फोन काढला की गेला. आमच्या गावाकडे बैलगाडा शर्यतीच्या घाटात निवेदक क्षणभर गप्प बसत नाही. कुणाची बैलजोडी, कुठलं गाव, मागच्या वेळी काय झालं, सगळं चालूच. इथला निवेदक अशा वेळी टायरच्या दुकानाची जाहिरात वाचतो आणि माइक ठेवून देतो. अरे, सांग ना तो कोण आहे, भिंतीला का लागला, या दोघांचं मागच्या शनिवारी भांडण झालं होतं का! उपाय आहे. एक साधा रेडिओ स्कॅनर घ्या. बऱ्याच छोट्या ट्रॅकवर ड्रायव्हरच्या कानात शर्यत-नियंत्रकाचा आवाज एकतर्फी रेडिओवर जातो, तो बहुतेकदा 454.000 मेगाहर्ट्झवर मिळतो. कोण कुणाला शिक्षा देतोय, कुणाला मागे पाठवतोय, सगळं कळतं. मुलांना त्याचं फार वेड लागतं.

लेट मॉडेल, म्हणजे वरच्या वर्गातल्या वेगवान गाड्यांची मुख्य शर्यत रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि तोवर निम्मी पोरं बापाच्या खांद्यावर झोपलेली. हे मी प्रमोटरला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि काही केलं नाही.

फॉर्मचं मात्र केलं. मी त्याला एक लांबलचक मेल लिहिलं होतं, त्यात रडणारा चुलतभाऊ होता, जेवायला निघून गेलेली कुटुंबं होती आणि आजोबांचा ‘बोर्ड कुठाय’ हा प्रश्न जसाच्या तसा होता. आता मुलांचा फॉर्म आधी मिळतो, आईवडील दोघांनी घरी बसून फोनवर सही करायची, खिडकीत फक्त नाव सांगायचं. मूल आजी-आजोबांबरोबर येणार असेल तर तेही त्यातच लिहायची सोय आहे. हे माझ्यामुळे झालं असं मी भेटेल त्याला सांगतो, आणि सांगत राहणार.

पुन्हा कोण आलं, हे मी मुद्दाम बघितलं. फुकट होतं म्हणून आलेले एकदाच आले. ज्या घरातल्या पोराची ‘आपली’ अशी एक गाडी ठरली, ती घरं टिकली. म्हणून पहिल्यांदा जात असाल तर आत शिरल्या शिरल्या प्रत्येकाला एकेक नंबर निवडायला लावा, आवडत्या रंगावरून निवडला तरी चालेल. जागा वरच्या रांगेतली घ्या, खाली बसलात तर कुंपणाचे खांबच दिसतील.

पूर्ण शनिवार घालवायची तयारी नसेल तर उन्हाळ्यात शार्लट मोटर स्पीडवेच्या पाव मैलाच्या ट्रॅकवर समर शूटआउट नावाची छोट्या गाड्यांच्या शर्यतींची मालिका असते, तीही आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी. तिथल्या लेजंड्स गाड्या जुन्या जमान्यातल्या मोटारींसारख्या दिसतात, आकाराने मूळच्या पाच-अष्टमांश, आणि आत मोटरसायकलचं इंजिन. बँडोलेरो नावाच्या छोट्या गाड्या तर आठ वर्षांची पोरंसुद्धा चालवतात. आपल्या वयाचा ड्रायव्हर बघितला की मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

आजोबा परत गेले. इथली शनिवार रात्रीची आठची शर्यत सांगलीत रविवारी पहाटे साडेपाचला लागते, ते उठून मोबाइलवर बघतात आणि चहाआधीच मला विचारतात की 27 नंबरला मागे का पाठवलं.

आणि हो, पावसाने शर्यत रद्द झाली तर तिकिटाचा तुकडा फेकू नका. आमच्याकडे तो पुढच्या साध्या शनिवारी चालतो, खास शर्यतीला नाही. तेही कुठे लिहिलेलं नाही.