'लव्हलेस'चा सराव : हलता सूर, उलटा रिव्हर्ब आणि समीक्षकांचे कान

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या 'लव्हलेस' अल्बममधील 'व्हेन यू स्लीप' या गाण्याचे गिटारवादन आता मूळ गतीत सलग जमू लागले आहे. बँडचा गिटारवादक केविन शील्ड्स याच्याप्रमाणे ट्रेमोलो आर्म (तारांचा ताण बदलून सूर खाली-वर करणारा दांडा) हातात धरूनच तारा छेडायच्या असल्यामुळे प्रत्येक आघातासरशी अख्खी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) किंचित उतरते आणि पुन्हा चढते. ही हालचाल मनगटाच्या लयीत आली, तरच ती श्वासासारखी वाटते. शील्ड्स वापरतो त्या जॅझमास्टर आणि जॅग्वार गिटारींचा ट्रेमोलो मुळातच मऊ असतो. माझ्या गिटारीच्या मागच्या स्प्रिंगा मी सैल केल्या आहेत, पण त्यामुळे एक तार ओढली की बाकीच्या तारांचे सूर उतरतात, म्हणून तारा ओढणे सध्या पूर्ण बंद ठेवले आहे.

'टू हिअर नोज व्हेन' या गाण्यासाठी उलट्या रिव्हर्बवर (रिव्हर्ब म्हणजे आवाजामागे रेंगाळणारी घुमक) काम चालू आहे. नेहमीचा रिव्हर्ब आघातानंतर विरत जातो, तर हा हळूहळू फुगतो आणि अचानक थांबतो. गिटारीचा मूळ कोरडा (रिव्हर्बविना) आवाज मिश्रणातून जवळजवळ काढून टाकला की पिकचा टोकदारपणा नाहीसा होतो आणि सूर नेमका कुठून सुरू झाला हे कळेनासे होते.

याच काळात या अल्बमवरचे जुने-नवे लेखन वाचत होतो. नोव्हेंबर १९९१ मध्ये क्रिएशन या रेकॉर्ड कंपनीने तो प्रकाशित केला तेव्हा ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी कौतुक केले, तरी ब्रिटनच्या अल्बम विक्रीच्या यादीत तो २४व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला आणि पुढे कंपनीने बँडशी संबंध तोडले. सुमारे दोन वर्षे चाललेले, १९ स्टुडिओंमधून फिरलेले ध्वनिमुद्रण आणि अडीच लाख पौंडांच्या खर्चाची वदंता (शील्ड्सला हा आकडा मान्य नाही) यांवरच पुष्कळ शाई खर्च झाली. प्रतिष्ठा मात्र वाढत गेली. पिचफोर्क या संगीत संकेतस्थळाने १९९९ मध्ये नव्वदच्या दशकातील सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याला पहिले स्थान दिले आणि २००३ च्या सुधारित यादीत दुसरे. रोलिंग स्टोन मासिकाच्या ५०० सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत तो २००३ मध्ये २१९वा होता, तर २०२० मध्ये ७३वा.

या कौतुकात एक गोष्ट मला सतत खटकते. असंख्य गिटारींचे थर रचून ही आवाजाची भिंत उभी केली आहे, असे अनेकांनी गृहीत धरले. गिटारींचे ट्रॅक लोकांना वाटतात त्यापेक्षा खूपच कमी आहेत, असे शील्ड्सने वारंवार सांगितले आहे आणि वाजवून पाहिले की ते पटते. दोन-तीन हलते सूर एकमेकांवर चढवताच मला केवळ गढूळ आवाज मिळतो, तर एकच गिटार नीट हलवली की मूळच्या कितीतरी जवळ जाता येते. या धूसरपणाचे वर्णन करण्यात समीक्षक रमले. त्याखालच्या सरळ, गोड चालींकडे आणि गायिका बिलिंडा बुचरचा आवाज गिटारीच्याच पातळीवर ठेवण्याच्या निर्णयाकडे त्यांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

तालाचाही इथे मोठा वाटा आहे. ध्वनिमुद्रणाच्या काळात बँडचा ड्रमवादक कॉल्म ओ किओसोइग आजारी असल्याने बहुतेक ड्रम त्याच्याच वादनाच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांतून जुळवले गेले. ही एकसारखी चौकट असल्यामुळेच वरचा सूर मोकळेपणाने डुलू शकतो. म्हणून पुढच्या टप्प्यात 'सून' हे गाणे घेताना आधी ड्रमचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) तयार करीन आणि गिटार त्यावरच बसवीन.