तुम्ही विचारलंत म्हणून: गाण्यात जे आहे तेच व्हिडिओत दाखवायचं का?

कॉलेजात म्युझिक व्हिडिओचा प्रोजेक्ट लागला की हा प्रश्न येतोच. पोरं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, गाणारे मित्रही विचारतात. गाण्याच्या शब्दांत सगळं सांगून झालेलं असतं, मग व्हिडिओत वेगळं काय दाखवायचं? पाऊस म्हटलं की पाऊस, वाट म्हटली की वाट, असंच ना?

तसं करता येतं, आणि त्यात गैर काही नाही. अँड्र्यू गुडविन नावाच्या अभ्यासकाने १९९२ साली गाणं आणि चित्र यांच्यातली तीन नाती मांडली. चित्र शब्दांचंच रूप दाखवतं, शब्दांत भर घालतं, किंवा शब्दांशी फटकून वागतं. विद्यार्थ्यांनी मधल्या नात्यावर मेहनत घ्यावी असं माझं ठाम मत आहे. पहिल्यात पाहणाऱ्याला स्वतः काही जोडायला उरत नाही, आणि तिसऱ्यात हात पक्का नसताना उतरलं तर बहुतेक वेळा नुसता गोंधळ होतो.

भर घालणं म्हणजे काय, ते इथल्या, सांगलीतल्याच एका व्हिडिओवरून सांगते. आमच्या एका गटाने स्वतः गाणं रचलं होतं. बहिणीचं लग्न आहे, ती घर सोडून जाणार आणि भाऊ गातोय. साधे शब्द, केरवा ताल, कानात राहील अशी चाल. पहिल्या स्टोरीबोर्डात, म्हणजे शूटिंगआधी काढलेल्या शॉटच्या चित्रांत, मांडव होता, मेंदी होती, डोळे पुसणारी आई होती आणि आयर्विन पुलावरून एकटा चालणारा भाऊ होता. मी विचारलं, या घरात पैसा कुठून येतो? सगळे गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, बाप यार्डात हमाल दाखवूया की. हळदीची पोती उचलणारा."

त्या एका वाक्याने व्हिडिओ उभा राहिला. सांगलीचं मार्केट यार्ड म्हटलं की हळद आलीच. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. फेब्रुवारी-मार्चात नवी हळद येते, सौदे निघतात आणि पोती वाहणाऱ्याचे तळवे, मान, बनियन पिवळं होऊन जातं. तो पिवळा त्याच्या कष्टाचा. लग्नघरातला पिवळा मुलीच्या अंगाला लागणारा. गाण्यात हळदीचा शब्दसुद्धा नव्हता. पण बापाचा तळवा आणि त्याला लागूनच मुलीचा हळद माखलेला गाल, असे दोन क्लोजअप जोडले, आणि हे लग्न कोणाच्या खांद्यावर उभं आहे ते पाहणाऱ्याने स्वतःच ओळखलं.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव यांनी शंभर वर्षांपूर्वी हेच करून पाहिलं होतं. एका नटाचा भाव नसलेला एकच चेहरा त्यांनी कधी सूपच्या वाडग्याशी जोडला, कधी शवपेटीशी. लोकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. म्हणून बापाचं काम करणाऱ्या काकांना आम्ही रडायला सांगितलं नाही. ते खरोखरच यार्डात काम करणारे. "तुमचं शूटिंग करा, पण कामाच्या आड येऊ नका," एवढीच त्यांची अट होती, आणि ती आमच्या पथ्यावरच पडली.

आता रंगाचं सांगते, कारण इथेच बहुतेकांचा हात सैल पडतो. पिवळ्याला अर्थ हवा असेल तर तो उधळायचा नाही. मांडवातल्या झेंडूच्या माळा काढल्या, आईची साडी बदलली, गाणाऱ्या भावाला फिकट निळा शर्ट दिला. यार्ड आणि हळदीचा विधी सोडून व्हिडिओत पिवळं काही ठेवलं नाही. पोरांना हे पटायला वेळ लागला, लग्न म्हणजे झगमगाट हे डोक्यात पक्कं बसलेलं. शिवाय मोबाईलच्या ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीवर, विसंबायचं नाही. सगळी फ्रेम पिवळी झाली की तो तिला निळ्याकडे ओढतो आणि हळद मळकी दिसते. व्हाइट बॅलन्स लॉक करायचा. गोदामात ट्यूबलाइट असेल तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवायचा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. नाहीतर चित्र लुकलुकतं आणि पाहणाऱ्याचं लक्ष तिथेच जातं.

कॅमेरा कुठे ठेवायचा, हाही अर्थाचाच भाग. पोतं उचलताना कॅमेरा जमिनीलगत ठेवला की माणूस मोठा दिसतो. त्याच माणसाला मांडवात लांबून, पाहुण्यांच्या गर्दीच्या कडेला दाखवलं, चेहरा नीट दिसणारही नाही असा. ज्याने सगळं पेललं तो स्वतःच्या दारात कडेला उभा आहे, हे गाणं कुठेच म्हणत नाही. मला व्हिडिओतला हा शॉट सर्वांत आवडतो, तळव्याच्या शॉटपेक्षाही.

एडिटिंगला बसल्यावर प्रत्येक ठेक्यावर कट मारायचा मोह होतो. आमचं गाणं मिनिटाला १०० मात्रांचं होतं, म्हणजे मात्रा ०.६ सेकंदाची, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने १५ फ्रेम. दर १५ फ्रेमला चित्र बदललं तर डोळा नुसता पळत राहतो. आम्ही केरव्याचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा धरला, आठ मात्रा, ४.८ सेकंद. यार्डातले कट समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर घेतले. तळव्यावरून गालावर जाणारा कट मात्र पाचव्या मात्रेला, जिला तालात 'खाली' म्हणतात, ठेका हलका होतो तिथे घेतला. ऐकणाऱ्याचा कान तिथे जरा मोकळा असतो, म्हणून चित्र आत शिरतं.

भावाने कॅमेऱ्याकडे बघून गायचं का, यावर पोरांचं जोरदार भांडण झालं. कॅमेऱ्यात बघितलं की तो आपल्याला सांगतो. नजर वळवली की तो गोष्टीतला होतो. कडव्यांत त्याला गोष्टीत ठेवलं आणि ध्रुवपदाला तो समोर बघतो, असं शेवटी ठरलं. मला स्वतःला तो शेवटपर्यंत गोष्टीतच हवा होता, पण व्हिडिओ त्यांचा.

यावर नेहमी पुढचा प्रश्न येतो: सांगलीबाहेरच्या माणसाला यार्डातली ही हळद कळणार कशी? लग्नातली हळद साऱ्या महाराष्ट्राला कळते. यार्डातली धूळ मात्र नागपूरच्या माणसाला बेसनाचीही वाटेल. म्हणून सुरुवातीलाच, गायन सुरू होण्याआधीच्या संगीतात, दुकानावरच्या पाटीतला 'हळद' हा शब्द वाचता येईल इतका वेळ ठेवला आणि त्याच शॉटमध्ये खाली हळकुंडांची रास घेतली. फ्रेममधलं अक्षर चित्राचे दहा अर्थ बाजूला सारून एकच पक्का करतं. आम्ही ती पाटी पूर्ण एक आवर्तन ठेवली. अर्धंही पुरलं असतं, पण घरातली म्हातारी माणसं मोबाईलवर सावकाश वाचतात.