बुर्ज खलिफाची शेंडी आणि आमचे बाबा

नागपूरहून शारजाची फ्लाइट पकडली ती फक्त बाबांना दुबईतला बुर्ज खलिफा दाखवायला. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, जन्मभर स्लॅब न सेंट्रिंगच पाहिलं, त्यामुळे बिल्डिंग कोणतीही असो, ते आधी खाली पायाकडे पाहतात मग वर. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती घरीच थांबली.

सूर्यास्ताच्या वेळचं तिकीट महाग म्हणून आम्ही सकाळचं घेतलं. खालून वर पाहताना मी सांगितलं, 828 मीटर, म्हणजे 2717 फूट. बाबा थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "आपल्या दीक्षाभूमीचा स्तूप 120 फूट. म्हणजे बावीस-तेवीस स्तूप एकावर एक." झाला हिशोब.

त्यांना खरी मजा आली ती काँक्रीटच्या गोष्टीत. काँक्रीट पंपानं 600 मीटरच्या वर चढवलं होतं, आणि उन्हाळ्यात रात्री ओतायचे, तेही बर्फ टाकून. "अबे, मे महिन्यात आम्ही पण पहाटेच स्लॅब टाकायचो, लोकं हसायचे!" नागपूरच्या माणसाला ऊन शिकवायची गरज नाही म्हणा. मग त्यांनी नकाशा पाहिला, मधे एक गाभा न त्याला तीन बाजूंनी टेकू दिलेले तीन हात, आणि वर जाताना बिल्डिंग टप्प्याटप्प्यानं बारीक होत जाते त्यामुळे वाऱ्याला एक लय धरून हलवताच येत नाही, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही.

लिफ्ट एका मिनिटात 124व्या मजल्यावर, कान बंद. हा मजला 452 मीटरवर आहे, आणि गंमत म्हणजे क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर्स शेंडीसकट तेवढेच, 452. 1998 मध्ये जगातली सगळ्यात उंच बिल्डिंग जिथं संपली तिथं आम्ही 2010च्या बिल्डिंगच्या मधातच उभे होतो.

शेंडीचा विषय मीच काढला आणि फसलो. बुर्जमध्ये शेवटचा वापरातला मजला साधारण 585 मीटरवर, वरचे 240 मीटर नुसती शेंडी. बाबा भडकले. "म्हणजे लोकं वापरून राहिले 585 पर्यंत अन मोजून राहिले 828?"

मी म्हटलं बाबा, हे जुनंच आहे. 1929 मध्ये न्यूयॉर्कला क्रायस्लर बिल्डिंगवाल्यांनी शेंडी आतल्या आत गुपचूप जोडली, एक दिवस वर काढली आणि त्याच शहरातल्या 40 वॉल स्ट्रीट या बिल्डिंगला अक्षरशः शेंडी लावली. 319 मीटर. पण 1931 मध्ये एम्पायर स्टेट 381 मीटरची आली आणि ती पुढं जवळपास चाळीस वर्षं पहिली. 1974ला शिकागोचा सिअर्स टॉवर, 442 मीटर, ढाक्याच्या फझलुर खान यांनी नऊ चौकोनी नळ्यांचा जुडगा बांधावा तसा उभा केला. त्याचं छत पेट्रोनासच्या छतापेक्षा बरंच उंच, पण नियम असा की शेंडी धरतात, अँटेना धरत नाहीत, म्हणून डोक्यावर अँटेना असूनही सिअर्सचा पहिला नंबर गेला. हे ऐकून तर बाबांनी कपाळालाच हात लावला.

जेद्दाहला आता एक किलोमीटरचा टॉवर बांधून राहिले हे मात्र मी सांगितलंच नाही.

खाली येऊन चहा घेतला, नागपूरच्या हिशोबानं भयंकर महाग, आणि आईला फोन लावला. तिनं विचारलं, किती उंच आहे हो?

बाबा म्हणाले, "शेंडीसकट सांगू का बिनशेंडीची?"