गुऱ्हाळावरचा थर्मामीटर आणि माझी पीएचडी

बीई मेकॅनिकल करून समाजशास्त्रात पीएचडी करतेय म्हटल्यावर कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला, "का, नोकरी न्हाई मिळाली व्हय?" दुसरा जरा बरा, "मग यात तू बनवणार काय?" काहीच बनवणार नाही, दुसऱ्यांनी बनवलेलं लोक का घेतात, का घेत नाहीत आणि घेतल्यावर कुणाचं काय होतं ते बघणार, असं सांगितलं की समोरचा "अच्छा अच्छा" करून चहा सांगतो. आता डिग्री हातात आलीय आणि या वाटेला जाऊ बघणारी पोरं अधूनमधून विचारतात, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

नोकरी होती हो. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला होते. तिथं रिजेक्शनची नोंद करायला नवीन सॉफ्टवेअर आलं, ट्रेनिंग झालं, सगळं झालं, तरी जुने सुपरवायझर खिशातली डायरी काही सोडेनात. साहेब म्हणायचे, या लोकांना बदलच नको असतो. मी एकदा एकाची डायरी मागून बघितली तर त्यात वाळू ओली होती, रात्री लाईट गेलती, अमुक पोरगा नवीन होता, असलं काय काय लिहिलेलं, आणि यातल्या एकाही गोष्टीला सॉफ्टवेअरमध्ये रकाना नव्हता. म्हणजे बदल नको हे कारणच नव्हतं. हे जे मला दिसतंय त्याचा अभ्यास करणारा एखादा विषय असेल का, असं शोधता शोधता कळलं की असतो, चांगला मोठा असतो, विज्ञान-तंत्रज्ञान आणि समाज यांचा अभ्यास म्हणतात त्याला. इंग्लंडात ससेक्स विद्यापीठात १९६६ पासून यासाठी वेगळी संस्था आहे, आपल्याकडं दिल्लीत जेएनयूमध्ये सायन्स पॉलिसीचं सेंटर आहे, गुजरात केंद्रीय विद्यापीठात आहे, मुंबईला आयआयटीतही या अंगानं काम चालतं.

घरच्या अडचणीमुळं मला जिल्हा सोडणं शक्य नव्हतं. मग नोकरी करत बाहेरून एमए समाजशास्त्र, मग नेट (कॉलेजात शिकवायला आणि संशोधनाला लागणारी यूजीसीची पात्रता परीक्षा), मग पीएचडी. नेटला बसायला एमएला ५५ टक्के लागतात (राखीव प्रवर्गाला सवलत आहे), तेवढं आधीच बघून ठेवा. पूर्वी एमफिल करून अंदाज घेता यायचा, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी ते बंद झालं, आता एकदम पीएचडीच. आणि २०२४ पासून नेटच्या मार्कांवरही पीएचडीला प्रवेश मिळतो, ७० टक्के वजन परीक्षेला आणि ३० मुलाखतीला. माझं नेट झालं पण जेआरएफ, म्हणजे त्याच परीक्षेतनं मिळणारी संशोधनाची फेलोशिप, हुकली. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार, ती नाही म्हणजे कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) तास घेत दिवस काढायचे, ते कसे ते वेगळं लिहायला लागंल.

खरा त्रास झाला तो वाचनाचा. इंजिनिअरिंगमध्ये गणिताला उत्तर असतं, शेवटच्या पानावर जाऊन टॅली करता येतं. इथं चाळीस पानांचा पेपर वाचायचा, सगळ्या शब्दांचे अर्थ लागतात, आणि शेवटी कळत नाही की बाबा तुझं म्हणणं काय. कोर्सवर्कच्या काळात मी नोट्सच्या वह्या भरत होते आणि डोक्यात काही राहत नव्हतं. गाईड मॅडमनी वही बघितली आणि म्हणाल्या, "हे सगळं खोडायचं नाही, पण प्रत्येक पेपरवर एकच ओळ लिही, हा माणूस कुणाशी भांडतोय." बस्स. त्या एका ओळीनं जे झालं ते रिसर्च मेथडॉलॉजीच्या अख्ख्या पेपरनं झालं नसतं.

कारण या विषयातली भांडणं खरंच झकास आहेत. सुरुवात बहुतेक सगळे एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन अभ्यासकापासून करतात. १९६२ चं पुस्तक, म्हणजे आपलं शिवाजी विद्यापीठ निघालं त्याच वर्षीचं. नवी गोष्ट समाजात कशी पसरते ते त्यात आहे, आणि त्याच्या मुळाशी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांनी हायब्रीड मका कसा स्वीकारला त्याचा १९४३ चा अभ्यास. लोकांचे पाच गट, सगळ्यात पुढं २.५ टक्के, मग १३.५, मग ३४ आणि ३४, आणि शेवटी १६ टक्के मागं रेंगाळणारे. गंमत म्हणजे रॉजर्सचे वडील स्वतः आयोवातले शेतकरी, आणि त्यांनी हायब्रीड मका बरीच वर्षं घेतलाच नव्हता, १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा हायब्रीड उभा राहिला आणि यांचा वाळला तेव्हा कुठं पटलं. आता मेकॅनिकलवाल्या माणसाला टक्केवारी आणि कर्व्ह दिसला की जीव लागतो, माझाही लागला. मी टॉपिक ठरवून टाकला, गुळाच्या गुऱ्हाळांवर थर्मामीटरसारखी साधी सुधारणा का पसरत नाही. प्रश्नावली तयार, शिक्षण किती, जमीन किती, मोबाईल आहे का, सगळे रकाने. सिनॉप्सिसच्या (संशोधनाच्या आराखड्याच्या) वेळी समितीतल्या एकांनी विचारलं की हा विषय फूड टेक्नॉलॉजीला का नाही, दुसऱ्यांनी हायपोथेसिस मागितला, तो दिला, पास झालं.

थर्मामीटर कशाला, ते न बघितलेल्यांसाठी सांगते. उसाचा रस काहिलीत (मोठ्या पसरट कढईत) उकळत उकळत घट्ट होतो आणि साधारण ११८ अंशाच्या आसपास एक क्षण येतो, तेव्हा काहिल चुलवाणावरनं उतरवायची. लवकर उतरवली तर गूळ मऊ राहतो, बसत नाही, उशीर झाला तर करपट आणि काळा. तो क्षण ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. अख्ख्या गुऱ्हाळाची जान त्याच्या हातात. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका गुऱ्हाळावर मामांच्या ओळखीनं शिरकाव झाला (बाई माणूस रात्री-पहाटे गुऱ्हाळावर, तेव्हा सुरुवातीला मामांना घेऊनच जायला लागायचं). तिथले गुळव्या आबा सत्तरीकडं झुकलेले. पाकाचा फेस बदलला की ते पळीनं थोडा पाक थंड पाण्यात सोडायचे, पाण्यातच बोटांनी त्याची गोळी वळायचे आणि ती काहिलीच्या काठावर आपटायचे. टण् असा आवाज आला की "उचला रं!" आणि चार जण काहिलीला भिडायचे. वाफेत मला त्यांचा चेहराही नीट दिसत नव्हता, आणि यांना आवाजातला फरक कळत होता.

माझ्याकडं थर्मामीटर होताच. काठाला लावला, आबांनी उचला म्हटलं तेव्हा वाचला, एकदा ११८, दुसऱ्या आधणाला (काहिलीच्या पुढच्या खेपेला) ११६. मी लगेच, आबा, दोन अंशांचा फरक पडला. आबा गोळी वळत शांतपणे म्हणाले, "पोरी, ह्यो काटा ऊस वळखतोय व्हय? मगाचा सहाशे एकाहत्तर हुता, ह्यो शहाऐंशी बत्तीस हाय, त्यात तोडून दोन दिस झाल्यात." जात वेगळी, शिळा ऊस, खारवट जमीन, सगळ्याचा हिशेब ते आकड्याशिवाय करत होते.

इथंवर ठीक, पारंपरिक ज्ञान थोर वगैरे लिहून चॅप्टर झाला असता. पण नंतर मालकांशी बसून बोलले तर थर्मामीटर त्यांच्या कपाटात निघाला! आणलेला, वापरलेला, आणि ठेवून दिलेला. का आणला होता? आदल्या सिझनला गुळव्या मधेच दुसऱ्याकडं गेला म्हणून. मी बघितलेल्या गुऱ्हाळांवर गुळव्याला सिझनआधी उचल द्यावी लागते, मजुरी आधणावर, आणि तो रुसला की घाणा बंद. म्हणजे मालकाला तो थर्मामीटर गूळ सुधारायला नकोच होता, गुळव्यावाचून अडू नये म्हणून पाहिजे होता. आणि आबांना हे बरोबर कळलेलं, म्हणून त्यांच्या देखत तो बाहेर निघत नव्हता. तिसऱ्याच एका गुऱ्हाळावर मात्र गुळव्यानं स्वतःच्या पैशानं घेतलेला, पोराला शिकवायला, पोराचा हात बसेपर्यंत. आणि सेंद्रिय गूळ पॅकिंग करून विकणाऱ्या एकाला तो रजिस्टरात तापमान लिहायला हवा होता, कारण त्याच्या गिऱ्हाईकाला नोंद दाखवावी लागते.

त्या रात्री घरी येऊन प्रश्नावली बाजूला ठेवली आणि पिंच आणि बायकर या तंत्रज्ञानाच्या समाजशास्त्रज्ञांचा १९८४ चा सायकलवरचा पेपर परत काढला, जो कोर्सवर्कला वाचून "कुणाशी भांडतोय" पुढं मी प्रश्नचिन्ह टाकलं होतं. त्यांचं म्हणणं असं की जुनी मोठ्या पुढच्या चाकाची सायकल तरण्या पोरांना मर्दुमकीची वस्तू होती आणि बायकांना, वयस्कांना तीच धोक्याची, तेव्हा सायकल एक दिसली तरी वस्तू दोन. हवेचा टायर डनलॉपनं १८८८ मध्ये काढला तो हादरे कमी करायला, शर्यतवाल्यांनी त्याला हसून घेतलं, आणि त्या टायरवर शर्यती जिंकल्या जायला लागल्यावर तोच टायर वेगाचा उपाय झाला. कपाटातला थर्मामीटर बघितल्यावर हे मला अंगात भिनलं म्हणा. "का पसरत नाही" हा प्रश्न विकणाऱ्याच्या बाजूनं विचारलेला असतो. त्या १६ टक्क्यांत मी आबांना टाकलं असतं, आणि आबांइतका थर्मामीटर समजलेला माणूस त्या गावात दुसरा नव्हता. रॉजर्सवर अन्याय नको, नवं ते चांगलंच असं धरून चालायचा हा दोष त्यांनी स्वतःच पुढच्या आवृत्त्यांत मांडलाय.

पुढचं सगळं फिल्डवर्क मग उलट्या बाजूनं केलं, यंत्र घेऊन नाही तर माणूस घेऊन, त्याची अडचण काय आणि त्यात ही वस्तू कुठं बसते. त्यातनंच रंगाचा चॅप्टर आला. मार्केट यार्डात पाडव्याला सौदे निघतात तिथं उभं राहिलं की दिसतं, पिवळाधमक रवा (गुळाची ढेप) वर जातो आणि तांबूस मागं राहतो, आणि आपला बराच गूळ जातो गुजरातला, तिथली आवड तीच. मग रंगासाठी हायड्रॉस (रंग उजळवणारी रासायनिक पावडर) पडते, तिच्यातनं गुळात उरणाऱ्या सल्फर डायऑक्साईडची मर्यादा ७० पीपीएम, ती पाळली जावी म्हणून प्रबोधनाची शिबिरं होतात शेतकऱ्याची. सौद्यात बोली लावणाऱ्यांचं शिबिर कधी ऐकलंय? भेंडीच्या चिकानं रसातली मळी (वर येणारी घाण) काढून छान गूळ होतो हे इथं शाळेतल्या पोरालाही माहितीय, पण भाव रंगाला असेल तर शेतकऱ्यानं काय करावं.

लिखाणाबद्दल फार सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच रखडतं. मुलाखती मराठीत, थेसिस इंग्रजीत, आणि सिमिलॅरिटी (दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर) १० टक्क्यांच्या आत ठेवायची, एवढ्यात वर्ष जातं. इंजिनिअरांना एकच सांगेन, फिल्ड डायरीत "मला वाटलं" असं लिहायला लाजू नका, आपल्याला तसं लिहायची सवयच नसते, पण नंतर चॅप्टर त्याच ओळींतून निघतात.

व्हायवाला (शेवटच्या तोंडी परीक्षेला) बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मग सरकारनं थर्मामीटरला अनुदान द्यावं का नाही, एका शब्दात सांगा." मी म्हटलं, सर, मालकाला दिलं तर गुळव्याची मजुरी पडेल आणि गुळव्याला दिलं तर त्याचं पोरगं धंद्यात टिकेल, वस्तू तीच आणि किंमत तीच. त्यांनी एक शब्द मागितला होता त्यामुळं ते फारसे खूश दिसले नाहीत, पण पुढचा प्रश्न त्यावरच विचारला आणि मग अर्धा तास तेच चाललं.

सध्या सीएचबीवरच आहे, कायम नोकरीचं कुणी विचारू नका. डोक्यात ऊसतोडणी यंत्राचा विषय घोळतोय, कारण यंत्राला सरी रुंद लागते, छोट्या वाकड्या रानात ते वळत नाही, आणि तोडणी टोळ्यांचं काय होतं हा प्रश्न त्याच्याही पुढचा. ज्यांना या विषयात यायचंय त्यांनी गाईड निवडताना पेपर किती छापलेत ते बघूच नका, सरळ विचारा की मॅडम, सर, तुम्ही फिल्डवर शेवटचं कधी गेला होता. उत्तर लगेच आलं तर फॉर्म भरा.