तुम्ही विचारलंत म्हणून: वाळूजला नोकरी लागली, घर कुठं बघू?

जून-जुलै आला की माझा फोन सारखा वाजतो. कुणी आयटीआय करून, कुणी डिप्लोमा करून कंपनीत लागलेलं असतं. फोन पाथरीहून असतो, मानवतहून, सेलूहून, कधी हिंगोलीकडूनही. घरची ख्यालीखुशाली झाली की मूळ प्रश्न येतो, "दादा, वाळूजला लागलो बरं का. आता घर कुठं बघू?" मी वाळूजच्या बजाजनगरात राहतो हे कळलं की लगेच दुसरा, "तुमची कंपनी तर शेंद्र्याला. मग तुम्ही बजाजनगरात काहून राहता?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते फोनवर दोन मिनिटांत बसत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

नवीन माणसाला आधी या शहराची ठेवण कळायला हवी. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला नगर रोडवर वाळूज. १९८५ साली बजाजचा कारखाना तिथं सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आल्या. पूर्वेला जालना रोडवर आधी चिकलठाणा एमआयडीसी, तिच्या पुढं शेंद्रा, आणि आता शेंद्र्याला लागून ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी. पैठण रोडला बिडकीन वाढतंय. म्हणजे काम दोन टोकांना आणि वस्ती मधे. वाळूज ते शेंद्रा तीस किलोमीटरच्या घरात जातं. पहिली नोकरी ज्या टोकाला लागते त्याच टोकाला दुसरी लागेल असं नाही, आणि दुसरी शोधावी लागतेच. कॉन्ट्रॅक्ट संपतं, ऑर्डर कमी होते, कुठं चार पैसे जास्त मिळतात. घर बघताना मनात फक्त आजची कंपनी धरली तर दोन-तीन वर्षांत पुन्हा सामान बांधायची वेळ येते.

एकट्या पोरानं फार विचार करू नये. मी २०११ साली आलो तेव्हा वाळूजलगतच्या रांजणगाव शेणपुंजीत आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. दोघं कामावर गेले की दोघांना झोपायला जागा. सकाळी सातच्या फर्स्ट शिफ्टला साडेसहाला निघालं तरी चालायचं. एकट्यानं कंपनीच्या जवळ राहावं, चांगली मेस धरावी, झोप मोडू देऊ नये. मेंटेनन्सच्या माणसाला तर हे मी दोनदा सांगतो, कारण अर्धवट झोपेत मशिनमधे हात घालणं काय असतं ते मी बघितलंय.

खरा प्रश्न घरात दुसरं माणूस आलं की सुरू होतो. बायको असेल, आई-वडील असतील, पुढं लेकरू.

माझं लग्न २०१३ चं. घर शोधायला मी वही घेऊन बसलो होतो. भाडं, डिपॉझिट, कंपनीपासूनचं अंतर, रोजचं पेट्रोल, सगळं लिहून काढलं. शहराच्या दक्षिणेचा सातारा परिसर त्यात सगळ्यात बरा दिसला. भाडं सिडकोपेक्षा कमी, घर नवं, मोकळी हवा, खंडोबाचं देऊळ जवळ. महानुभाव आश्रम चौकातून लिंक रोडला लागलं की शहरात न शिरता थेट नगर रोडवरच्या एएस क्लबला निघता येतं आणि तिथून वाळूज पुढंच. गाडीवर अर्धा तास. क्रांती चौकातून बाबा पेट्रोल पंप, लोखंडी पूल, नगर नाका असं रोज घुसत जाणाऱ्या माझ्या सोबत्यांना मी मोठ्या समाधानानं सांगायचो की माझ्या रस्त्यात सिग्नलच नाहीत.

घरमालकांना मी पाण्याचं विचारलं होतं. ते म्हणाले, "बोअर आहे." ते खरंच होतं. बोअर मार्चपर्यंत चाललं, मग त्यातून हवा यायला लागली. तेव्हा त्या भागात महापालिकेचे नळ नव्हते. सगळी गल्ली टँकरवर. पाचशे रुपयांचा टँकर तीन घरांनी मिळून घ्यायचा आणि हौदात सोडायचा. मी म्हटलं, पैसे जातील थोडे, पण चालून जाईल. वहीत आणखी एक ओळ वाढवली.

मे २०१५. आमची थोरली मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. मी नाइट करून सकाळी आठ वाजता घरी आलो तर बायको बाहेरच्या खोलीत फरशीवरच झोपलेली, लेक कुशीत, आणि तिच्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत ओला. मी आवाज न करता स्वयंपाकघरात चहा टाकायला गेलो. तिथं भिंतीवर कॅलेंडर होतं. माझ्या शिफ्टा कळाव्यात म्हणून मी त्याच्यावर पेनानं लिहून ठेवायचो, 'फ', 'से' नाहीतर 'ना'. त्या दिवशी पहिल्यांदा माझं लक्ष गेलं की त्या अक्षरांच्या खाली काही चौकटींत पेन्सिलीनं बारीक 'टँ' लिहिलेलं आहे. कोणत्या दिवशी टँकर आला आणि कुणाकडं किती पैसे निघतात, याचा तिचा हिशेब होता तो. मी मोजले. त्या महिन्यात तोवर नऊ 'टँ' होते. त्यातले सात माझ्या 'से' आणि 'ना'च्या खाली.

ती उठल्यावर विचारलं तेव्हा कळलं. टँकरला भरण्याच्या ठिकाणी रांग असते, त्यामुळं तो त्याच्या वेळेला येतो, आपल्या नाही. आदल्या रात्री पावणेबाराला आला होता. ड्रायव्हरला पुढच्या खेपेची घाई, गल्लीत गाडी वळेना, पाइप हौदापर्यंत पुरेना. हिनं दोनशे लिटरचे दोन ड्रम फाटकापाशी ओढत आणले, ते भरून घेतले आणि मग बादली-बादलीनं पाणी आत नेऊन हौदात ओतलं. शेजारच्या ताई एका हातानं मदत करत होत्या, दुसऱ्या हातात त्यांचं लेकरू. आमची लेक खाटेवर रडत होती. मी म्हटलं, अगं, मला सांगायचं तरी. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मशिनीपाशी उभं राहून काय करणार होतात? उलट तुमचं ध्यान कामात राहिलं नसतं."

दीड वर्ष मी त्या घराला चांगलं घर म्हणत होतो. मला घर रिकाम्या रस्त्यानं गाठायचं आणि झोपायचं एवढंच ठाऊक होतं. दिवसाचे बाकीचे तास त्या घरात ती काढत होती आणि माझ्या वहीत त्या तासांची एक ओळ नव्हती.

पाण्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आमच्या भागातून येणाऱ्यांना ते खरं वाटत नाही. पाथरीकडं जायकवाडीचा डावा कालवा येतो. दोनशे आठ किलोमीटरचा हा कालवा पैठणच्या नाथसागरातून निघून जालना, परभणीपर्यंत पाणी नेतो. आवर्तन सुटलं की आमच्या शेताच्या चारीला तेच पाणी. माझी कल्पना अशी की आमच्या गावापर्यंत ते पोचतं, तर धरणापासून पन्नासएक किलोमीटरवरच्या शहरात नळाला रोज असणार. प्रत्यक्षात शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या दोन जलवाहिन्या, एक ७०० मिलिमीटरची आणि एक १४०० मिलिमीटरची, शहर वाढत गेलं तशा अपुऱ्या पडल्या. धरण भरलेलं असतानाही सिडको-हडकोत लोकांनी पाचव्या, सहाव्या, आठव्या दिवसाची वाट बघितली आहे. २५०० मिलिमीटरच्या नव्या जलवाहिनीची योजना आखली गेली, २०२० च्या डिसेंबरात तिचं भूमिपूजन झालं. तिचं पाणी सगळ्या वस्त्यांना नेमानं मिळावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे. तोवर मात्र कोणत्या वॉर्डात, कोणत्या गल्लीत, किती दिवसांनी, किती वाजता आणि किती वेळ पाणी सुटतं, हे प्रत्येक घरापाशी वेगळं विचारावं लागतं. एकाच कॉलनीतल्या वरच्या आणि खालच्या गल्लीत फरक पडतो.

त्या जूनमधे आम्ही बजाजनगरात आलो. भाडं बाराशे रुपयांनी वाढलं, दोन खोल्यांच्या दीड झाल्या. इथं एमआयडीसीचं पाणी आहे. तेही नाथसागराचंच, पण योजना वेगळी, आणि आमच्या गल्लीत त्याची वेळ ठरलेली. दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर, भाजी दारात. रात्री साडेअकराला सेकंड शिफ्ट सुटली की मोहटादेवी चौकाकडं माणसांची रहदारी असते, त्यामुळं उशिरा मेडिकलमधे जायचं झालं तर बायको मला न विचारता जाते. सगळ्या बजाजनगरचं मी सांगत नाही, आमच्या गल्लीचं सांगतो.

मग २०१९ ला माझी नोकरी बदलली आणि कंपनी निघाली शेंद्र्याला. सगळे म्हणाले, सिडकोत नाहीतर मुकुंदवाडीकडं या, चिकलठाणा ओलांडलं की शेंद्रा. आम्ही दोघं जाऊन चार घरं बघूनही आलो. मग रात्री बसून बोललो. लेकीची शाळा पाच मिनिटांवर. बायकोनं तोवर घरीच शिवणकाम सुरू केलं होतं आणि तिची गिऱ्हाइकं याच तीन गल्ल्यांतली. घर हललं असतं तर माझा एक तास वाचला असता, आणि तिचं चार वर्षांत जमलेलं काम मोडलं असतं. तास माझा होता, मीच द्यायचा ठरवला.

तेव्हापासून रोज एक तास वीस मिनिटं जायला, तेवढीच यायला. कंपनीच्या बसचा पॉइंट बाबा पेट्रोल पंपावर आहे. तिथवर मी गाडीवर जातो, गाडी ओळखीच्या दुकानासमोर लावतो आणि बसमधे बसतो. क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल, सिडको, मुकुंदवाडी, प्रत्येक ठिकाणी दोन-चार जण चढतात. चिकलठाण्याच्या पुढं केंब्रिज चौक येईपर्यंत निम्मी बस झोपलेली असते. जनरल शिफ्टला हे निभतं. आठवडाभर फर्स्ट असली की पहाटे सव्वाचारला उठावं लागतं आणि शुक्रवारपर्यंत अंग बोलायला लागतं, ते मी लपवत नाही. पावसाळ्यात एखादी बस चुकली तर स्वतःच्या गाडीनं लिंक रोड, बीड बायपास, झाल्टा फाटा असा वळसा घेतो. आषाढी एकादशीला आमच्या इथल्या छोट्या पंढरपूरला सगळं शहर पायी येतं, तेव्हा नगर रोड वाहनांना मिळत नाही. त्या दिवसाची रजा मी जानेवारीतच टाकून ठेवतो.

माझंच अनुकरण करा असं मी सांगत नाही. बसची सोय नसती तर मी वेगळा विचार केला असता. रोज साठ किलोमीटर मोटारसायकल, तीही नाइट करून झोपाळलेल्या डोळ्यांनी, हे कुणी करू नये. म्हणून घर बघायच्या आधी एचआरमधे जाऊन बसचे पॉइंट कोणते, कोणत्या शिफ्टला बस असते आणि ओव्हरटाइम झाला तर परतायची सोय काय, हे विचारून घ्या. पुष्कळ पोरं पहिल्या आठवड्यात हे विचारायला संकोचतात. संकोचू नका.

जालन्याचे काही जण अपडाऊनचं विचारतात. आई-वडील जालन्यात, घर स्वतःचं, नोकरी चिकलठाण्याला किंवा शेंद्र्याला, असं असेल तर रेल्वेचा पास काढून जनरल शिफ्टला वर्षानुवर्षं अपडाऊन करणारी माणसं मला माहीत आहेत. म्हाताऱ्या आईपाशी रोज रात्री जेवायला पोचतात, यापेक्षा मोठी सोय कोणती. पण नोकरी वाळूजला असेल तर त्या वाटेला जाऊ नका. स्टेशनवर उतरून पुढं आणखी वाळूज गाठायचं, गाडीला उशीर झाला की पंचिंग हुकायचं, आणि शिफ्टचं तर गणितच बसत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर. तुम्ही कामावर असता त्या वेळेला ते घर जाऊन बघा. रविवारी संध्याकाळी सगळी घरं चांगली दिसतात. आठवड्यातल्या दिवशी सकाळी अकराला जा, एकदा रात्री दहाला जा. जिला किंवा ज्यांना त्या घरात दिवस काढायचाय त्यांना सोबत न्या आणि घरमालकाच्या आधी शेजाऱ्यांशी बोला. घर कुणाला पसंत पडलं पाहिजे, तर त्यांना. तुमचं अंतर पाच-सात किलोमीटरनं वाढलं तर वाढू द्या.

मागच्या महिन्यात माझा भाचा लागला, वाळूजलाच. लग्नाला वर्ष झालंय. मी एका बुधवारी रजा टाकून दोघांना घेऊन फिरलो. दुसरं घर बघत होतो तेव्हा शेजारच्या ओट्यावर एक काकू सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. भाच्याची बायको चपला काढून ओट्याच्या पायरीवर गेली आणि तिनं विचारलं, "काकू, तुमच्याकडं पाणी कव्हा सुटतं?" काकूंनी सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि तिला म्हणाल्या, "बस इथं, सगळं सांगते."

भाचा फाटकापाशी उभा राहून मोबाइलवर कंपनीचं अंतर मोजत होता. मी त्याला हाक मारून ओट्यावर बोलावलं.