फोनवरचा पझल गेम कॉम्प्युटरवर विकत घ्यावा का? माझा अनुभव

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात, आणि फोनवरून कॉम्प्युटरवर आणलेला गेम पारखायला माझ्या मते तेवढा वेळ पुरतो, फक्त काय बघायचं ते आधी ठरवून बसायचं.

झालं असं की माझी म्हापशाची मामेबहीण, फर्मागुडीला इंजिनिअरिंग करते, तिने विचारलं, "दादा, द रूम कॉम्प्युटरवर घेऊ काय? मोबाईलचाच ना तो?" पैसे तिच्या पॉकेटमनीतले, त्यामुळे नुसतं 'घे गं' म्हणून मोकळं होणं मला पटेना. गेम माझा टॅबवर आधीच संपलेला, त्यात एक गूढ पेटी कोडी सोडवत उघडत जायची असते. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या फायरप्रूफ गेम्सने २०१२ साली तो आयपॅडवर काढला, दुसऱ्या वर्षी त्याला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला आणि कॉम्प्युटरवर तो २०१४ च्या जुलैत आला. म्हटलं आधी मी घेतो, खेळतो, मग सांगतो तिला.

अशा पोर्टमध्ये, म्हणजे फोनवरून कॉम्प्युटरवर आणलेल्या गेममध्ये, काय बिघडतं ते मी दुसऱ्या एका गेममध्ये पाहिलंय, कोपऱ्यात अंगठ्याच्या मापाची बटणं, 'टॅप करा' ही सूचना कॉम्प्युटरवरही जशीच्या तशी, सेटिंगमध्ये रिझोल्यूशनचा पत्ता नाही आणि चित्रं ताणून धूसर झालेली. म्हणून इथे सुरू केल्या केल्या मी पेटीच्या अगदी जवळ गेलो. लाकडाच्या रेषा, पितळेवरचे ओरखडे, स्क्रूची खाच, सगळं स्पष्ट. कॉम्प्युटरसाठी फायरप्रूफने टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं, नव्याने, जास्त बारकाईने केलीत, आणि पेटीच्या पृष्ठभागावरच सगळी कोडी असलेल्या गेममध्ये हे नुसतं दिसण्यापुरतं नसतं, कारण जी खाच दिसत नाही ती तुम्ही उघडणार कशी.

पण खरी परीक्षा हाताची. हा गेम बोटासाठीच बांधलेला, किल्ली भोकात घालून गोल फिरवायची, कडी ओढायची, खटका सरकवायचा. आमच्या फोंड्याच्या घरात आजोबांची दुकानातली गल्ल्याची पेटी आहे, तिचा चोरकप्पा उघडायला एक पट्टी आधी दाबून मग बाजूला सरकवावी लागते आणि ती सुटताना बोटाला जे कळतं, तेच सुख टॅबवर हा गेम देतो. माऊसवर ते थोडं कमी होतं, हे मी सरळ सांगतो. लॅपटॉपच्या टचपॅडवर तर चकती गोल फिरवताना मध्येच बोट उचलावं लागतं आणि सगळी मजा जाते, त्यामुळे टचपॅडवर खेळूच नका, साधा माऊस लावा. माऊस लावल्यावर मात्र गोष्ट बदलली. बोटाखाली वस्तू झाकली जात नाही हा मोठा फायदा. या गेममध्ये एक भिंग मिळतं, ते लावलं की पेटीवर चिन्हांचे तुटके तुकडे दिसतात आणि आपण फिरत फिरत नेमक्या कोनात आलो की ते जुळून एक आकृती होते. टॅबवर माझा कोन दर वेळी जरासा पुढे जायचा, माऊसने बरोब्बर थांबवता आला. किल्लीही हातात घेऊन उलटसुलट करून बघावी लागते, तिचे दात दुमडून आकार बदलतो, ते इतकं सुंदर केलंय की मी खेळणं सोडून नुसता तेच करत बसलेलो.

आवाजासाठी हेडफोन लावाच. बाहेर कौलांवर धो धो पाऊस, आणि कानात दातेरी चाकांचा खट् खट् आवाज, माऊसला जे वजन नाही ते त्या आवाजाने भरून निघतं.

आता पैशांचं. कोडी टॅबवर होती तीच आहेत, त्यामुळे ज्याने तिकडे संपवलाय त्याला उत्तरं आठवत असतील तर नवीन फारसं काही मिळणार नाही. शिवाय गेम छोटा, सवय असलेला माणूस एका वीकेंडला उरकेल. पण पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी कॉम्प्युटरचंच सांगेन, आणि बहिणीलाही तेच कळवलं, वर हेही की अडलीस तर कोपऱ्यातलं प्रश्नचिन्ह दाब, तिथली हिंट आधी मोघम असते आणि मग हळूहळू उलगडत जाते, यूट्यूबवर मात्र उत्तर बघू नकोस, एकदा कळलं की ते कोडं तुझ्यापुरतं संपलं. मी पैसे परत मागितले नाहीत.

प्रत्येक गेमला हे इतकं सोपं नसतं. मॉन्युमेंट व्हॅली २०१४ ला फोनवर आला तो उभ्या स्क्रीनसाठी, आडव्या स्क्रीनवर दोन्ही बाजू रिकाम्या राहणार, म्हणून २०२२ ला कॉम्प्युटरवर आणताना तो बनवणाऱ्यांना दृश्यंच रुंद करावी लागली. अशी मेहनत घेतलेली दिसली की मी पैसे द्यायला तयार असतो. आता माझा डोळा द रूमच्या चौथ्या भागावर आहे, ओल्ड सिन्स, फोनवर २०१८ ला आणि कॉम्प्युटरवर २०२१ ला आलेला. त्यात सगळा गेम एका बाहुलीघरात शिरून खेळायचा असतो, आणि एवढ्याशा खोल्यांमधला बारकावा मोठ्या स्क्रीनवर कसा दिसतो ते मला बघायचंय.