उडता भुंगा, फिरता पंखा आणि एक गोटी

सप्टेंबरात पावसाने उघडीप दिली की नागपूरच्या अंबाझरीच्या परिसरातील मोकळ्या गवतावर चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात. त्यांतील पिवळसर चतुर पँटाला फ्लॅवेसेन्स या जातीचे असतात आणि या जातीचे थवे पावसाळा सरल्यावर भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे अभ्यासक मानतात. समुद्र ओलांडणारा हा कीटक माझ्यासमोर सहा फुटांवरून ये-जा करीत होता आणि तरीही मला तो चौकटीत पकडता येत नव्हता. पहिल्या सकाळी मी दोनशेच्या वर फोटो काढले. त्यांतील बहुतेकांत नुसते आभाळ होते, काहींत शेपटीचे टोक होते आणि एकात फिरायला आलेल्या गृहस्थांची टोपी मात्र अगदी रेखीव आली होती. ते गृहस्थ थोडा वेळ थांबून पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, "कशाचे फोटो काढून राहिल्या ताई? इथं तं काहीच नाही." माझा कॅमेराही त्यांच्याच बाजूने साक्ष देत होता.

शटरचा वेग वाढवला की काम होईल, अशी माझी प्रारंभीची समजूत होती. म्हणून मी १/४००० सेकंदावर गेले, त्यासाठी आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवला, आणि हाती आले ते दाणेदार व तरीही पुसट फोटो. मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते. पंखाची लांबी एक सेंटीमीटर आणि हालचालीचा कोन नव्वद अंशांच्या आसपास धरला, तर पंखाचे टोक सेकंदाला साधारण सात मीटर वेगाने फिरते. १/४००० सेकंदात ते जवळजवळ दोन मिलिमीटर सरकते, म्हणजे पंखाच्या पाचव्या हिश्शाइतका भाग फराटा होऊन जातो. चतुर सेकंदाला तीसच्या आसपास वेळाच पंख हलवतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत १/४००० पुरू शकते. माशी-भुंग्यांसाठी मात्र शटरचा नाद सोडून फ्लॅशकडे वळणे भाग होते.

फ्लॅश पूर्ण ताकदीने उडवला तर त्याचा झोत तुलनेने बराच वेळ टिकतो आणि ताकद कमी करत नेली की तो आखूड होत जातो, हे मी वाचले होते. माझा फ्लॅश जुना, सीताबर्डीच्या एका दुकानातून घेतलेला. दुकानदाराने त्याबद्दल जे जे सांगितले, त्यांतील निम्मे पुढे खोटे ठरले, त्यामुळे छापील आकड्यांवर भिस्त न ठेवता मी घरच्या छताच्या पंख्यावर परीक्षा घेतली. पंख्याचा घेर १२०० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला सुमारे ३५० फेरे. म्हणजे पात्याचे टोक सेकंदाला २२ मीटर जाते, मधमाशीच्या पंखाच्या तिप्पट. पात्याच्या टोकाला कागदाची अरुंद पांढरी पट्टी चिकटवली, खोलीत अंधार केला आणि फोटो काढत गेले. पूर्ण ताकदीवर पट्टीचा चांगला चार बोटे लांब फराटा उमटला. १/३२ ताकदीवर तीच पट्टी स्वच्छ दिसली आणि तिच्या कडेला जेमतेम एक मिलिमीटरची धूसर किनार राहिली. याचा अर्थ झोत सेकंदाच्या सुमारे वीस हजाराव्या भागात संपत होता. फ्लॅशमध्ये वेगवान शटरशी जुळवून घेणारी जी 'हाय स्पीड सिंक' नावाची सोय असते, ती या कामी निरुपयोगी आहे, कारण तीत फ्लॅश अनेक लहान झोत एकापाठोपाठ सोडत राहतो आणि आखूड झोताचा फायदाच नाहीसा होतो.

१/३२ ताकदीचा उजेड तुटपुंजा असतो. म्हणून दोन फ्लॅश कीटकाच्या जागेपासून वीतभर अंतरावर, दोन्ही बाजूंनी लावावे लागले. भर उन्हात शटर १/२०० वर असताना ऊनही फोटोत उतरते आणि स्पष्ट कीटकाभोवती त्याचीच भुतासारखी छाया दिसते. त्यासाठी सावलीची जागा, एफ/१६ (म्हणजे भिंगाचे छिद्र बारीक) आणि आयएसओ १०० असा बंदोबस्त केला. मग पार्श्वभूमी काळीकुट्ट येऊ लागली. दुपारचा भुंगा मध्यरात्री उडतो आहे असे दिसणे मला पटेना, तेव्हा मागे फूटभर अंतरावर हिरवट रंग दिलेला पुठ्ठा टेकवला. काही जण याला लबाडी म्हणतात. मला तो पुठ्ठा काळ्या पोकळीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

एवढे होऊनही फोटो रिकामेच येत होते, कारण मी बटण दाबेपर्यंत कीटक निघून गेलेला असे. माझ्या बोटाची दिरंगाई मला ठाऊक होती. कॅमेऱ्याची किती, हे कळायला हवे होते. डोळ्यांना न दिसणारा किरण सोडणारी इन्फ्रारेड एलईडी आणि तिच्यासमोर सेन्सर अशी मांडणी करून किरण तुटताच कॅमेरा सुरू होईल, अशी जोडणी मी केली. (ती करताना एक एलईडी उलटी जोडून जाळली.) मग किरणाच्या बरोबर तीस सेंटीमीटर वरून एक काचेची गोटी सोडली आणि मागे पट्टी उभी केली. फोटोत गोटी किरणाच्या खाली सोळा सेंटीमीटरवर होती. पडत्या वस्तूचे शाळेतले सूत्र लावले तर ही दिरंगाई ६० मिलिसेकंद भरते. दहा वेळा सोडली, दहाही वेळा गोटी त्याच सुमारास. सेकंदाला पाच मीटर वेगाने उडणारा चतुर तेवढ्या वेळात तीस सेंटीमीटर पुढे जातो, आणि माझी चौकट होती साडेनऊ सेंटीमीटर रुंद. त्या दिवशी मला अंबाझरीच्या दोनशे फोटोंचा हिशेब लागला.

यावर दोन उपाय होते. पहिला, एका जागी तरंगणारा कीटक निवडणे. आमच्या वस्तीतल्या रिकाम्या प्लॉटवर रुईची झुडपे माजलेली आहेत आणि सुतार भुंगे रुईच्या फुलांचे जुने गिऱ्हाईक. फुलावर उतरण्याआधी भुंगा क्षणभर हवेत थबकतो. मी ट्रायपॉड रोवून फुलाच्या अलीकडे तीन बोटांवर काडी धरून फोकस बांधला आणि काडी काढून घेतली. आधी कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कीटक प्रत्यक्षाच्या निम्म्या आकारात उमटावा असा हट्ट होता, पण त्यात एफ/१६ वरही फोकसमधला स्पष्ट पट्टा चार मिलिमीटर खोलीचाच मिळतो. पाव आकारावर मागे सरल्यावर तो तेरा मिलिमीटरांपर्यंत वाढला. चौथ्या सकाळी पाच फोटो नीट आले. त्यांतल्या एकात भुंग्याचे मागचे पाय विमानाच्या चाकांसारखे खाली आलेले आहेत आणि काळसर पंखांवर जांभळी-निळी झाक उतरली आहे.

मध्यंतरी एका मैत्रिणीचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा हाताळायला मिळाला. बटण पूर्ण दाबण्याआधीची चित्रेही तो साठवून ठेवतो. सोय झकास आहे, परंतु त्या वेळी तो इलेक्ट्रॉनिक शटर वापरतो, चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात हललेला पंख वाकडातिकडा उमटतो. मैत्रिणीच्या संग्रहात कोयत्यासारख्या पंखांच्या मधमाश्या आहेत.

दुसरा उपाय अंधाराचा. शटर आधीच उघडे ठेवायचे आणि किरण तुटताच थेट फ्लॅश उडवायचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या ६० मिलिसेकंदांचा प्रश्नच उरत नाही. स्टीफन डाल्टन या इंग्रज छायाचित्रकाराने १९७० च्या दशकात उडत्या कीटकांचे जे फोटो घेतले, त्यांसाठी खास शटर आणि फ्लॅश बनवून घ्यावे लागले होते. रात्री काम करणाऱ्याला शटरच्या बाबतीत ही सूट मिळते. आमच्या गॅलरीत मधुमालतीचा वेल आहे. तिची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात, पुढच्या दिवसांत गुलाबी आणि मग लाल होतात, आणि रात्री हॉक मॉथ कुळातले पतंग येतात ते मुख्यतः ताज्या पांढऱ्या फुलांकडे. म्हणून मी रोज त्या संध्याकाळी उमललेला घोस निवडून त्याच्यासमोर दोन किरण एकमेकांना छेदतील असे लावत असे, आणि दोन्ही तुटले तरच फ्लॅश उडे.

पहिल्या रात्री चाळीस फोटो मिळाले, सगळे मधुमालतीच्या देठाचे. कूलरच्या वाऱ्याने घोस हलून किरण तोडत होता. जूनच्या अखेरीस नागपुरात कूलर बंद करून बसणे ही काय शिक्षा आहे, हे नागपूरकरांना सांगायला नको; आईने दोन रात्री सहन केले आणि तिसऱ्या रात्री, "पतंगाला हवा लागली तर काय बिघडते?" असे विचारून ती शेजारच्या काकूंकडे झोपायला गेली. दुसऱ्या रात्री पतंग खरोखर आले, पण फ्लॅश काही मिनिटे काम नसले की आपोआप झोपी जातो, हे मी विसरले होते. ती सोय बंद करून तिसऱ्या रात्री दहा-दहा सेकंदांचे फोटो सलग घेत राहिले.

एकसष्टाव्या फोटोत पतंग आहे. त्याची सोंड सरळ झालेली आहे, तिचे टोक पांढऱ्या फुलाच्या तोंडापासून अर्ध्या सेंटीमीटरवर आहे, पुढचे पाय छातीशी घेतलेले आहेत आणि पंखांवरचे खवले मोजता येतील इतके स्पष्ट आहेत. उजव्या पंखाचे टोक चौकटीबाहेर गेले आहे; त्यासाठी किरणांची जागा आता दोन सेंटीमीटर डावीकडे सरकवून ठेवली आहे.